आमच्या पॉडकास्टचे हरवलेले चौदा भाग: कुणाकडे उरलेत का?

रानजाई | १८ जानेवारी, रात्री ११:४०

मंडळी, आधी मागणं सांगते, मग कहाणी. आमच्या पॉडकास्टचे भाग ९ ते २२ आमच्याकडे उरलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणी ते उतरवून घेतले असतील, जुन्या फोनमध्ये, लॅपटॉपवर, गाडीच्या पेनड्राइव्हवर, तर कृपया इथं कळवा. एखादाच भाग असला, अर्धवट असला तरी हवाय.

मी आणि सातपूरकर (तोही इथं लिहितो) २०२० च्या जानेवारीपासून महिन्याला जमेल तसा एक भाग करतो. मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणीही बघू, बदलू, वाटू शकतं), टीव्हीवरच्या विज्ञानकथा मालिका आणि कंपनीच्या पाठबळाशिवाय स्वतःची गाणी करणारे लोक, हे आमचे तीन विषय. तिन्ही एका ताटात का वाढता, असं पहिल्या भागापासून विचारलं जातं. आमच्या दोघांच्या गप्पा कॉलेजपासून याच तीन गोष्टींवर चालत आल्या आहेत आणि तशा गप्पा मराठीत कुठं ऐकायला मिळत नव्हत्या, म्हणून आम्हीच सुरू केल्या. एका भागाला तीनशे-साडेतीनशे श्रोते असतात. त्यातले बरेच जण दर भागानंतर सविस्तर लिहितात, चुका दाखवतात, नवीन बँड सुचवतात.

गेल्या नोव्हेंबरात आमची होस्टिंग सेवा बंद झाली. त्यांनी आधी ईमेल पाठवला होता, पण तो पत्ता आम्ही कधीच सोडून दिला होता. ती चूक आमची. एकूण ६१ भागांपैकी ४७ भागांच्या मूळ फाइली आहेत. ९ ते २२ ज्या डिस्कवर होत्या ती २०२२ च्या मे महिन्यात गेली, आणि सर्व्हरवर आहेतच, या भरवशावर आम्ही दुसरी प्रत केलीच नव्हती.

हे चौदा भाग ऑक्टोबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळातले. माझी बाजू मी नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या वाड्यात, माजघरात बसून रेकॉर्ड करायचे. खिडक्यांवर गोधड्या, दाराशी गाद्या उभ्या केलेल्या, पंखा बंद. तरी देवळातली घंटा आत यायचीच, आणि वरच्या मजल्यावर कुणी चाललं की तक्तपोशी वाजायची. वाडा २०२३ मध्ये पाडला. त्या खोलीचा आवाज या चौदा भागांखेरीज कुठंच नाही.

विषय आठवायला सोपे जावेत म्हणून: भाग ९ लिब्रऑफिस या मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरचं मराठी रूप, ११ 'बॅबिलॉन ५' ही मालिका, १२ 'डॉक्टर हू' ही मालिका, १४ देवळालीच्या बँडची मुलाखत आणि तीन गाणी, १६ ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड आणि संपादन करायचं सॉफ्टवेअर), १९ लोककवी वामनदादा कर्डक, २२ नाशिकचं साहित्य संमेलन आणि नारळीकर.

सातपूरकर | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

रानजाईनं चूक 'आमची' म्हटलं, पण होस्टिंगचं खातं मी बघत होतो, तेव्हा ती माझीच.

शोधणाऱ्यांसाठी थोडी माहिती. पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक साधी मजकुराची फाइल असते, आरएसएस फीड. डेव्ह वायनर यांनी २००० च्या डिसेंबरात आरएसएसमध्ये ध्वनिफाइलचा पत्ता जोडायची सोय केली. 'पॉडकास्ट' हा शब्द नंतर, २००४ मध्ये छापून आला. ॲप ती फाइल वाचतं, नवीन भाग दिसला की त्याची प्रत तुमच्या फोनवर आणून ठेवतं. म्हणजे ज्यांनी भाग उतरवून घेतला त्यांच्याकडे आमच्या फाइलची तंतोतंत प्रत असायला हवी, फक्त ॲपनं ऐकून झाल्यावर ती पुसलेली नसावी.

अँटेनापॉड हे ॲप वापरत असाल तर भाग उघडून 'शेअर'मध्ये फाइलच पाठवता येते. जुना फोन केबलनं संगणकाला जोडून बघितलात तर अँड्रॉइड, डेटा, मग अँटेनापॉडचं फोल्डर आणि त्यात मीडिया, असा माग काढा. नव्या अँड्रॉइडवर फोनमधल्या फाइल मॅनेजरला तिथं डोकावता येत नाही, संगणकावरून बघा.

वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी सेवा) आमची जुनी फीड सापडली. शीर्षकं, तारखा, टिपणं आणि प्रत्येक भागाचा ओळखक्रमांक मिळाला. ध्वनिफाइली मात्र त्यात नाहीत.

आणखी एक. आम्ही दोघं आपापल्या घरी आपापला आवाज रेकॉर्ड करायचो आणि मग ते दोन ट्रॅक ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवून जुळवायचो. सुरुवातीला दोघांनी एकाच वेळी टाळी वाजवायची, त्या टाळीवर ट्रॅक लावायचे. काल रात्री माझ्या एका मेमरी कार्डावर भाग ९ आणि १० मधली माझी बाजू सापडली. मी प्रश्न विचारतो, मग मिनिट-दीड मिनिट शांतता, मग मी 'बरोबर' म्हणतो. पूर्ण ऐकवलं नाही.

तिसरा ग्रह | १९ जानेवारी, सकाळी १०:०२

भाग ११ आणि १२ माझ्याकडे आहेत! ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवरून घरच्या डिस्कवर घेतले होते. दुपारी दुवा पाठवतो.

बारावा जपून ठेवायचं कारण त्याचा विषयच. 'डॉक्टर हू' २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झाली. पुढं साठ आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीनं कित्येक कार्यक्रमांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती आणि तोच भाग परत दाखवायचे हक्कही मर्यादित असायचे. पहिल्या सहा वर्षांतले बरेच भाग असे गेले. पण त्यांतल्या प्रत्येकाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण ब्रिटनमधल्या घराघरांत पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. कुणी स्पीकरसमोर मायक्रोफोन धरला, कुणी थेट टीव्हीतून तार काढून जोडली. त्याच आवाजावर पुढं चित्रं बेतून काही भाग परत प्रकाशित झाले.

तुम्ही त्या भागात या मालिकेच्या संगीताबद्दलही बोलला होतात. रॉन ग्रेनर यांची चाल, आणि डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये एकेक स्वर टेपवर घेऊन, टेप कापून, जोडून ती उभी केली. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी. मी तो भाग गंगापूर रोडवर गाडी बाजूला लावून ऐकला होता.

रविवार कारंजा | १९ जानेवारी, दुपारी १:३०

मनापासून विचारतोय, गैरसमज नको. साडेतीनशे लोकांनी ऐकलेल्या, पाच वर्षं जुन्या गप्पांसाठी एवढी धडपड कशासाठी? ऑडॅसिटीबद्दलची २०२१ ची माहिती आज शिळी झालेली असणार. तोच वेळ नवीन भागांना दिला तर?

रानजाई | १९ जानेवारी, दुपारी ३:१०

प्रश्न रास्त आहे. माहिती शिळी होते, मान्य. पण सोळावा भाग माहितीचा नव्हताच. २०२१ च्या वसंतात ऑडॅसिटी म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेली. २००० सालापासून फुकट आणि मुक्त मिळत आलेलं सॉफ्टवेअर, आमचा प्रत्येक भाग त्याच्यावरच घडलेला. नव्या मालकांनी वापराची माहिती गोळा करायचा प्रस्ताव आणला आणि जगभरचे वापरणारे चिडले. प्रस्ताव मागं घ्यावा लागला, मूळ कोडवरून 'टेनॅसिटी' नावाची वेगळी शाखाही निघाली. त्या आठवड्यात आम्ही दोघं भांडलो होतो. सातपूरकर म्हणत होता, पैसे आणि पगारी माणसं आली तर सॉफ्टवेअर सुधारेल. मी म्हणत होते, विश्वास गेला तर सुधारून काय करायचं. परवाना जीपीएल असल्यानं वेगळी वाट धरण्याची मुभा सगळ्यांना होती, आणि ती मुभा प्रत्यक्षात वापरली जाताना आम्ही बघत होतो. तो राग, ती भीती, मराठीत, त्या आठवड्यातच रेकॉर्ड झालेली आहे. आज बसून ती परत बोलता येणार नाही.

आणि वामनदादांचा भाग. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेला माणूस गावोगाव स्वतःची गाणी स्वतः गात फिरला. आपण 'इंडी म्युझिक' म्हणून ज्याचं कौतुक करतो ते आपल्या जिल्ह्यात जलशांच्या रूपानं केव्हापासून आहे, हे त्या भागात एका गायकानं गाऊन दाखवलं होतं. ते गाणारे काका आता नाहीत.

कॅसेटवाला | १९ जानेवारी, रात्री ९:२५

ताई, माझं भद्रकालीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आता बंद केलं. माझे थोरले बंधू सिन्नरला असतात, त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, फोन जमत नाही. सीडी प्लेअरची बटणं मात्र हाताला पाठ आहेत. मुलाकडून तुमचे भाग उतरवून मी त्यांना ऑडिओ सीडी करून द्यायचो. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, तुमचा चौदावा भाग ९७ मिनिटांचा, त्याच्या दोन केल्या होत्या. वामनदादांचा भाग त्यांनी किती वेळा लावला असेल याची गणती नाही.

आज फोन केला. १३ ते २० पर्यंतच्या सीड्या त्यांच्या ट्रंकेत आहेत. सोळाव्या भागाची चरे पडून गेलीय, बाकीच्या वाजतात. रविवारी जाऊन घेऊन येतो.

एक विनंती. घरी बनवलेली सीडी उन्हानं, उष्णतेनं खराब होते. वाजतेय म्हणून वाजवत बसू नका, आधी नीट उतरवून घ्या.

सातपूरकर | १९ जानेवारी, रात्री ९:५०

काका, काय बोलू! रविवारी मीच गाडी घेऊन येतो, आपण बरोबर जाऊ. बंधूंनाही भेटायचंय.

उतरवायला सीडीपॅरानोया वापरू. चरा असला तर तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. आणि साठवण फ्लॅकमध्ये, म्हणजे त्यात आणखी काही गळणार नाही. आमची मूळ फाइल ६४ केबीपीएस मोनो एमपी३ होती, तिच्यात जे गळायचं ते आधीच गळलंय. पुन्हा एमपी३ केली तर गळतीवर गळती.

इंदिरानगर बोगदा | २० जानेवारी, सकाळी ८:४०

सगळे भाग मिळाले की एकदा साफ करून घ्या. आरएननॉइज हे गोंगाट काढायचं सॉफ्टवेअर चांगलं काम करतं, ऑडॅसिटीतली गोंगाट कमी करायची सोयही वाईट नाही. आवाजाची पातळी मोनोला उणे १९ लफ्स (आवाजाच्या पातळीचं माप), स्टिरिओला उणे १६ ठेवा. मी तुमचा एक जुना भाग बसमध्ये ऐकायचा प्रयत्न केला होता, सातपूरकरांचा आवाज नीट येत होता, रानजाईंचा अजिबात नाही. घंटा, भांडी हे सगळं काढलं तर नव्या श्रोत्यालाही बरं पडेल.

कॅसेटवाला | २० जानेवारी, सकाळी ११:१५

पातळी सारखी करा, त्याबद्दल दुमत नाही. गोंगाट काढण्याला माझा विरोध आहे. माझ्याकडे लोक वडिलांच्या आवाजाच्या कॅसेटी घेऊन यायचे. सुरुवातीला मी त्या घासूनपुसून द्यायचो. एका बाई परत आल्या, म्हणाल्या, मागं आमचा पाळणा कुरकुरत होता तो कुठं गेला? तेव्हापासून मूळ प्रत जशीच्या तशी दिल्याशिवाय साफ केलेली प्रत कधी दिली नाही. शिवाय ही यंत्रं बोलणं आणि गोंगाट यांत फरक करायला शिकलेली असतात. ढोल, टाळ, गाणं त्यांच्या लेखी गोंगाटच. चौदाव्या भागावर चालवून बघा, गाण्यांचं काय होतं ते ऐका.

रानजाई | २० जानेवारी, दुपारी २:००

काकांशी पूर्ण सहमत. फक्त पातळी सारखी करायची, घंटा राहणार. बोगदा, तुमची बसमधली तक्रार खरी आहे. मी मायक्रोफोनपासून हातभर लांब बसायचे आणि तो कंडेन्सर होता, सगळी खोली गोळा करायचा. आता डायनॅमिक मायक्रोफोन चार बोटांवर ठेवते.

काळा कोट | २० जानेवारी, रात्री १०:३०

भाग परत मिळताहेत याचा आनंद आहे, पण इंटरनेट अर्काइव्हसारख्या सार्वजनिक ठिकाणी ते चढवणार असाल तर आधी थांबा. तुमच्या जुन्या टिपणांत 'सर्व भाग क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयासह वापरा, त्याच अटींवर वाटा' असं लिहिलंय. तुमच्या बोलण्यापुरतं ते ठीक. भागात वाजलेली गाणी तुमची नाहीत, त्यांच्यावर असा परवाना तुम्ही देऊ शकत नाही.

एका गाण्यात किमान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्ही वेगवेगळ्या माणसांकडे असू शकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी रास्त वापराची मोकळीक देतं. मालिकेतला एखादा संवाद ऐकवून त्यावर बोलणं त्यात बसू शकतं. अख्खं गाणं वाजवणं बसेल असं मी कुणाला सांगणार नाही. आणि परवानगी लेखी हवी. 'वाजवा हो बिनधास्त' हे तोंडी बोलणं मैत्रीत चालतं, पण त्यानं परवाना मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की ज्यांनी प्रत घेतली त्यांच्याकडून तो काढून घेता येत नाही, हेही बँडला आधी समजावून सांगा.

देवळालीचा वारा | २१ जानेवारी, रात्री १२:२०

ताई, दादा, ओळखलंत ना? चौदाव्या भागात बेस वाजवला तो मी.

फेब्रुवारी २०२१, कोरोनाच्या दोन लाटांच्या मधले दिवस. ढोल वाड्याच्या चौकात ठेवला होता आणि बाकी आम्ही माजघरात, कारण खोलीत ढोल वाजला की दुसरं काहीच ऐकू येईना. आमची ती पहिली रेकॉर्डिंग. नंतर स्टुडिओत जाऊन तीच गाणी परत केली, पैसे भरून, पण चौकातला तो ढोल तिथं आला नाही.

परवानगीचं बोलतो. आमचा बँड आता नाही. गायिका बंगळुरूला असते, ढोलवाला ओझरला नोकरीत, गिटारवाल्याशी दोन वर्षांत बोलणं नाही. पहिलं गाणं पूर्ण आमचं. दुसरं जात्यावरच्या ओव्यांवरचं, ओव्या आजीकडून ऐकलेल्या, चाल आमची बांधणी. तिसऱ्या गाण्याचे शब्द एका मोठ्या कवीचे आहेत आणि आम्ही त्यांच्या कुटुंबाला कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा कळतही नव्हतं की विचारायचं असतं.

तुम्हीच तेराव्या भागात सांगितलं होतं की २००८ मध्ये 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकी बँडनं ३६ वाद्यतुकडे क्रिएटिव्ह कॉमन्सखाली काढले, पहिले नऊ फुकट वाटले, आणि तरी त्या वर्षी ॲमेझॉनवर सर्वांत जास्त विकला गेलेला एमपी३ अल्बम तोच ठरला. ते ऐकून आम्ही तुमच्याकडे आलो होतो. मी सगळ्यांना फोन करतो. गिटारवाल्यालासुद्धा.

काळा कोट | २१ जानेवारी, सकाळी ९:०५

प्रामाणिकपणे मांडलंत. तिसऱ्या गाण्याबाबत: कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. त्यांना पत्र लिहा, अनेक कुटुंबं आनंदानं होकार देतात. उत्तर येईपर्यंत ते गाणं वगळा. ओव्या परंपरेतल्या असतील तर शब्दांची अडचण नाही, तुमची बांधणी तुमची.

सिन्नर फाटा | २३ जानेवारी, रात्री ८:४५

धागा आज वाचला. ओझर ते नाशिक रोड रोजची ये-जा, तुमचा पॉडकास्ट नेहमीचा. जुना फोन मुलीला गाणी ऐकायला दिला होता. सातपूरकरांनी सांगितलेल्या रस्त्यानं शोधलं. भाग १०, १६ आणि २१ पूर्ण आहेत. २२ पण आहे, पण ३१ मिनिटांवर तुटतो. उतरवताना रेंज गेली असावी.

बाविसावा आत्ता ऐकला. डिसेंबर २०२१, ९४ वं साहित्य संमेलन नाशिकला, अध्यक्ष जयंत नारळीकर, आणि प्रकृतीमुळं त्यांना येता आलं नाही. तुम्ही सांगताय की त्यांनी पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. पुढं रानजाई म्हणतात, 'मी त्यांना विचारणार होते की', आणि तिथंच तुटतं. काय विचारणार होतात?

रानजाई | २३ जानेवारी, रात्री ९:३०

टीव्हीसाठी मराठी विज्ञानकथा मालिका लिहायला बसलात तर पहिला प्रसंग कुठल्या गावात घडेल, हे विचारायचं होतं. मे २०२५ मध्ये ते गेले. प्रश्न राहिला.

तिसरा ग्रह | २३ जानेवारी, रात्री ९:४२

वाचनखूण साठवली. आणि बाविसाव्याचा उरलेला भाग ज्याच्याकडे असेल त्यानं पुढं यावं!

सातपूरकर | २ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

आतापर्यंतचा हिशेब. १० ते २१ पूर्ण मिळाले. २२ एकतीस मिनिटं. सिन्नरला काकांच्या बंधूंनी सीड्या दिल्या, बदल्यात पुढच्या सगळ्या भागांच्या सीड्यांचा शब्द घेतला. तो पाळला जाईल.

फीड आता आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे. फाइली उद्या कुठंही हलल्या तरी श्रोत्याच्या ॲपमधला पत्ता तोच राहील. आधी हे केलं असतं तर श्रोते तुटले नसते. जुने ओळखक्रमांक वेबॅकवरच्या फीडमधून जसेच्या तसे उचललेत, म्हणजे ज्यांच्याकडे भाग आहेत त्यांच्या ॲपमध्ये ते दुसऱ्यांदा येऊ नयेत. कॅस्टोपॉड हे पॉडकास्ट होस्टिंगचं सॉफ्टवेअर लावून बघतोय, ते मुक्त आहे आणि मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरूनही पॉडकास्टला अनुसरता येतं. प्रती तीन: एक माझ्याकडे, एक रानजाईकडे, एक कॅसेटवाल्या काकांच्या कपाटात.

चौदाव्या भागातली पहिली दोन गाणी बँडच्या चौघांच्या लेखी परवानगीनं राहिली. चौघांच्या. तिसरं गाणं कापलंय, एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं, पुन्हा एन्कोड न करता. कवीच्या कुटुंबाला पत्र गेलंय.

रानजाई | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

सतरावा भाग आज पूर्ण ऐकला. २३ व्या मिनिटाला वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाटा सरकवतंय.

आता नववा भाग आणि बाविसाव्याचा शेवट राहिला. नवव्यातले सातपूरकरचे प्रश्न आहेत, माझी उत्तरं नाहीत. तारीख ऑक्टोबर २०२०, लांबी ५२ मिनिटं, एमपी३, साधारण २५ एमबी. शीर्षकात 'लिब्रऑफिस' आणि 'आपली भाषा' हे शब्द आहेत. जुने फोन विकण्याआधी, भंगारात देण्याआधी एकदा बघाल का?